संगणकावरील खोटी धोक्याची सूचना

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील मुलांस बोंडअळीची ओळख करून देण्याचे कारण नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने येथील कपाशीची केवढी हानी केली, हे घरोघरी ठाऊक आहे. ही अळी बोंडाच्या आत राहते. बोंड फोडल्यावाचून ती दिसत नाही. आता एखादा अनोळखी मनुष्य शेतात पाऊलही न टाकता बांधावरून ओरडू लागला की, "तुमच्या कपाशीत अळी पडली आहे, आत्ताच्या आत्ता माझे औषध घ्या," तर शहाणा शेतकरी काय करील? तो पैसे काढण्यापूर्वी बोंड फोडून पाहील. हेच शहाणपण संगणकासमोर बसल्यावर आपल्याला सुचत नाही, म्हणून हा लेख.

प्रकार असा घडतो. घरी कोणी इंटरनेटवर काही शोधीत असता एकाएकी सगळा पडदा निळ्या किंवा तांबड्या रंगाने व्यापला जातो. भोंगा वाजू लागतो. "संगणकात व्हायरस शिरला आहे, संगणक बंद करू नका, खालील क्रमांकावर ताबडतोब फोन करा," असा मजकूर दिसतो. वर एखाद्या प्रख्यात कंपनीची मुद्राही असते. पाहणाऱ्याची छाती धडधडू लागते, आणि नेमके तेच त्या लबाडांस हवे असते.

वस्तुतः हे एक साधे वेबपान असते. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानास आपल्या संगणकातील फायली परस्पर तपासता येत नाहीत. ब्राउझर त्यास तशी मोकळीक देतच नाही. म्हणून "तपासणी चालू आहे" अशी सरकणारी पट्टी व व्हायरसांची लांबलचक यादी ही आधीच रचून ठेवलेली चित्रे होत. एक खूण पक्की ध्यानात ठेवावी: मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या खऱ्या सूचनेत फोनचा क्रमांक कधीही नसतो.

फोन केला म्हणजे पलीकडील मनुष्य गोड बोलून एक प्रोग्राम घालावयास लावतो, व त्यायोगे दूर बसून आपला संगणक चालवू लागतो. म्हणजे चोर स्वतः आत येत नाही. कडी आपणच काढतो.

खेदाची गोष्ट अशी की, असे धंदे आपल्या देशातूनही चालले आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेतील लोकांस करखात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळले जात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' ह्या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. तीत अशाच खोट्या पॉप-अप सूचनांनी परदेशीयांस फसविणाऱ्या टोळ्यांचे प्रकरण होते. इंग्रजी बोलता येणे ही चांगली विद्या खरी. पण ती कोणा वृद्धास घाबरविण्यासाठी वापरली, तर ती विद्या कसली?

आता उपाय.

१. पानावरील कोणत्याही बटणास हात लावू नये; "बंद करा" असे लिहिले असले तरीही नाही. दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये.

२. एस्केप ही कळ दाबून धरावी. नंतर ऑल्ट व एफ-४ ह्या कळा एकत्र दाबाव्यात. तेवढ्याने न भागल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व तेथून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना जुनी पाने उघडू देऊ नयेत.

३. मग बोंड फोडून पाहावे. म्हणजे संगणकातील विंडोज सिक्युरिटीने पूर्ण तपासणी करावी.

४. पडद्याच्या कोपऱ्यात अशा सूचना वारंवार येत असल्यास, एखाद्या संकेतस्थळास आपण नकळत 'नोटिफिकेशन'ची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ती काढून घ्यावी.

५. संगणक दुसऱ्याच्या हाती दिला गेलाच, तर प्रथम इंटरनेट तोडावे, तो प्रोग्राम काढून टाकावा व दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. पैसे गेले असल्यास तत्काळ बँकेस कळवून १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे वाटेतच अडविण्याची आशा पहिल्या काही तासांतच अधिक असते.

पालकांस एक विनंती. पडद्यावर भोंगा वाजला की पुष्कळ मुले रागावण्याच्या भीतीने गोष्ट लपवितात, आणि तेच मोलाचे तास हातचे जातात. "बाबा, असे असे झाले," म्हणून मूल सांगत आले, तर आधी त्याचे ऐकून घ्यावे. लबाडाच्या भीतीवर घरातील विश्वास हाच उतारा आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, सुटीत आपल्या आजीआजोबांजवळ बसून वरील कळा त्यांच्याकडून दोनदा दाबून घ्या. एवढा गृहपाठ आम्ही तुम्हांस देत आहो.