एका सतरा अंकी संख्येविषयी

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या 'लीलावती'तील स्थाननामांनी मोजली, तर पहिला एक 'मध्य' या स्थानी येतो. परार्ध त्याच्या पुढचे. नऊ एक ओळीने मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग आहे. गुणाकार कागदावर करून पाहावा. एकांचे जिने उतरत जातात, मधल्या रकान्याची बेरीज नऊ होते आणि हातचा कोठेच येत नाही. दहा एक घेतले की हातचा आलाच. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना एका रेल्वे स्टेशनाच्या नावावरून 'डेम्लो' म्हटले. त्यांनीच नाव दिलेली दुसरी जात 'हर्षद' : स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी. येथे बेरीज ८१. वर्गमूळाला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने जातोच. तेव्हा आपली संख्या हर्षदही ठरते!

गणिताचे मित्र यावर नाक मुरडतात : हे गुण संख्येचे नव्हेत, दशमान लेखनाचे. आक्षेप खरा आहे. द्विमान पद्धतीत लिहिताच एकांची ती ओळ मोडते. पण यमकही भाषांतरात टिकत नाही, म्हणून आम्ही कलाशाखेवाले ते खोटे मानत नाही.

लेखनावर न अवलंबणारा गुणही तिच्यात आहे. ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग व ३३३६६७ चा वर्ग यांचा ती गुणाकार. त्यामुळे विभाजक ४५, म्हणजे विषम. त्यांच्या जोड्या लावून पाहाव्यात : १११११११११ तेवढा बिनजोडीचा उरतो.