थ्रिलरमधलं खरं किती?

सबमिशनच्या आदल्या रात्री थ्रिलर हातात घेऊ नये हे कळतं, पण वळत नाही! स्टीव्ह बेरीची 'द पेट्रियट थ्रेट' (2015) ही कादंबरी माझी अशीच पहाटे चारला संपली. जर्नल कोरंच राहिलं.

कादंबरीतला पेच असा: अमेरिकेचा इन्कम टॅक्स ज्या सोळाव्या घटनादुरुस्तीवर उभा आहे ती म्हणे रीतसर मंजूर झालीच नव्हती. माजी अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी मागे ठेवलेल्या कोड्यातून हे गुपित उलगडतं, आणि त्यावर उत्तर कोरियाच्या एका माणसाचाही डोळा असतो.

सकाळी मेसमध्ये मी हे सगळं खरं म्हणून सांगत सुटलो. रूम पार्टनरने शांतपणे विचारलं, "मग तिथले लोक अजून टॅक्स का भरतात रे?" माझी बोलतीच बंद! मग बसलो शोधायला.

1895 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने इन्कम टॅक्सचा कायदा रद्द केला होता. म्हणून 1909 मध्ये काँग्रेसने घटनादुरुस्तीचा ठराव केला. 48 पैकी 36 राज्यांची संमती हवी होती. 25 फेब्रुवारी 1913 ला परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स यांनी मंजुरी जाहीर केली. त्याआधी त्यांच्याच खात्याच्या कायदा अधिकाऱ्याने राज्यांकडून आलेले कागद तपासले, तर फक्त चार मूळ मजकुराशी तंतोतंत जुळत होते! बाकीच्यांत स्पेलिंग, कॅपिटल अक्षरं, विरामचिन्हं, एखाददुसरा शब्द अशा चुका. म्हणजे गोष्टीचा पाया खरा आहे. लेखक उडी मारतो ती इथून पुढे. नॉक्सनी आणि नंतर कोर्टांनी (1986 चा एक निकाल तर अगदी याच मुद्द्यावर आहे) या चुकांनी मंजुरी रद्द होत नाही असंच मानलं. आपल्या भाषेत, ड्रॉइंगवर 'शाफ्ट'चं स्पेलिंग चुकलं म्हणून त्याचा व्यास बदलत नाही.

पण हे गमतीवर संपत नाही. बिल बेन्सन नावाच्या गृहस्थाने 1985 मध्ये हाच दावा करणारं पुस्तक काढलं, ते कादंबरी म्हणून नव्हे! त्याच्या भरवशावर टॅक्स न भरणारे कोर्टात हरले, खुद्द बेन्सनलाही टॅक्स बुडवल्याबद्दल शिक्षा झाली. 2007 मध्ये कोर्टाने त्याची ही सामग्री विकणं म्हणजे लोकांची फसवणूक ठरवलं.

अर्थात सगळीच गुपितं खोटी नसतात. नोव्हेंबर 1910 मध्ये सिनेटर ऑल्ड्रिच आणि काही बडे बँकर बदकांच्या शिकारीच्या नावाखाली जॉर्जियातल्या जेकिल बेटावर जमले. आडनावं घ्यायची नाहीत असं ठरलं होतं. तिथे मध्यवर्ती बँकेचा आराखडा तयार झाला. त्यांच्यातल्याच व्हँडरलिपने 1935 मध्ये हे छापून सांगितलं. मात्र 1913 चा फेडरल रिझर्व्हचा कायदा काँग्रेसमध्ये उघड चर्चा होऊनच आला. हा अर्धा भाग अशा पुस्तकांत सहसा दोन ओळींत उरकतात.

बेरी मात्र खरं काय आणि रचलेलं काय, हे पुस्तकाच्या शेवटी स्वतःच सांगतो. पहाटे चारला ती पानं मी वाचलीच नव्हती! पुस्तक आता रूम पार्टनरकडे आहे. त्याचंही सबमिशन उद्याच आहे.