तालमीतला वस्ताद आता वही घेऊन येतो

"पोरगं खेळतंय चांगलं, पण पुढं काय?" कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हा प्रश्न हमखास कानावर पडतो. विचारणारा बाप कधीकाळी स्वतः पेठेच्या संघातून खेळलेला असतो, आणि आता जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवतो. त्याचा प्रश्न रास्तच आहे. आपला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्या संघात जागाच होत्या एकवीस. बाकीच्या पोरांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी एक वाट आहे, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोचची. जिममधला ट्रेनर वेगळा, हा वेगळा. खेळाडूची ताकद, वेग आणि दम त्याच्या खेळाला लागेल तसा वाढवायचा आणि दुखापत होता होईल तो टाळायची, हे याचं काम. आपल्याकडे जोर-बैठका मोजून घेणारा, खुराकावर डोळा ठेवणारा वस्ताद हेच करत आला. नव्या वस्तादाच्या हातात वही असते, एवढंच.

या कोचच्या कामातली, खेळाडूचा दम मोजणारी यो-यो टेस्ट क्रिकेटच्या बातम्यांमुळे घरोघरी पोचली. ती बेतली डेन्मार्कच्या येन्स बँग्सबो यांनी. हे गृहस्थ मुळात तिथल्या अव्वल साखळीतले फुटबॉलपटू. पुढे शरीरक्रियाशास्त्रात कोपनहेगन विद्यापीठाचे प्राध्यापक झाले आणि मार्चेलो लिप्पींच्या काळात युव्हेंटसचे सहायक प्रशिक्षकही. फुटबॉलमध्ये कुणी एका लयीत पळत नाही. झेपावायचं, थांबायचं, वळायचं, पुन्हा झेपावायचं. चाचणीही तशीच आहे: वीस मीटर जा, वीस मीटर परत या, दहा सेकंद दम खा, पुन्हा पळा, वेग वाढतच जातो. अशी चाचणी मैदानावर स्वतः धापा टाकलेल्या माणसालाच सुचावी, असं मला वाटतं. खेळाडूपणाचा फायदा तो हाच.

पण तेवढ्यावर भागत नाही. सरावाआधी कंडिशनिंग कोच प्रत्येकाला विचारतो, झोप किती झाली, पाय किती भरून आलेत. सराव संपला की आणखी एक प्रश्न: दहापैकी किती जड गेलं? कुणी सात म्हणालं आणि सराव साठ मिनिटांचा असला, तर गुणाकार करून वहीत ४२०. हा आकडा एका आठवड्यात एकदम उसळला, तर शनिवारचा सराव हलका करायचा, मुख्य प्रशिक्षकाची भुवई वर गेली तरी. मग मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक व्यायाम: गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून जोडीदारानं घोटे दाबून धरायचे आणि अंग ताठ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढं झुकायचं. दिसतो सोपा, पण पहिल्या दिवशी भलेभले तोंडावर येतात. नेमानं केला तर त्या स्नायूच्या दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलंय.

हे सगळं समजून करायचं तर अभ्यास लागतो, म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडू नका. स्पोर्ट्स सायन्स, शारीरिक शिक्षण किंवा फिजिओथेरपी, यातली कुठलीही पदवी पाया म्हणून चालेल. त्यानंतर अमेरिकेतल्या एनएससीए या संस्थेची सीएससीएस परीक्षा देता येते. तिला पदवी आणि सीपीआरचं प्रमाणपत्र लागतं. अटी बदलत असतात, फी भरण्याआधी ताज्या अटी बघून घ्या. 'शनिवार-रविवारमध्ये कोच बना' छापाच्या जाहिरातींवर मात्र पैसे घालवू नका. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा नावाजलेला आहे, पण तो मुख्यतः खेळाच्या प्रशिक्षकांसाठी.

आता पालकांच्या मनातलं, पगाराचं. सरकारी खात्यासारखी ठरलेली बढती इथं नाही. करार बहुधा हंगामापुरता, सुरुवातीला मानधनावर किंवा फुकट उमेदवारी. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल साखळीचा हंगामच लांबणीवर पडला तेव्हा काही क्लबांनी पगार थांबवले. त्यामुळं एकट्या फुटबॉलवर विसंबू नका. हेच ज्ञान क्रिकेट, कबड्डी, बॅडमिंटनला लागतं. अकादम्या, शाळा, खासगी केंद्रं आणि क्रीडा प्राधिकरणाची केंद्रंही अशी माणसं घेतात.

पोराचा कल तपासायचा असेल, तर प्रवेशाची घाई नको. दोनशे पानी वही द्या आणि त्याच्याच संघातल्या पाच जणांची झोप, सरावाची मिनिटं आणि दहापैकी आकडा तीन महिने लिहायला सांगा. पहिल्या आठवड्यात सगळेच लिहितात. दहाव्या आठवड्यात, पावसात सराव झाल्यावर, चिखलाच्या हातांनी त्यानं आकडे लिहिलेले दिसले, तर कॉलेजचा फॉर्म आणायला हरकत नाही.