वृद्ध वाहनचालकांची सुरक्षितता : उपदेश नेमका कोणाला?

ज्येष्ठ वाहनचालकांसाठी शिबिर ठरले की 'साठीपुढील सर्वांनी यावे' असा फलक लागतो. २००७ च्या कायद्याने साठ वर्षांची व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते, हे खरे. परंतु वाहन चालविण्याची क्षमता जन्मतारखेवरून ठरत नाही. चरकाचार्यांनी साठीनंतर, तर सुश्रुताचार्यांनी सत्तरीनंतर वार्धक्य मानले. शार्ङ्गधरांनी दशकागणिक एकेका भावाचा ऱ्हास सांगताना दृष्टीला सहावे, तर बुद्धीला नववे दशक दिले आहे. सर्व क्षमता एकदम क्षीण होत नाहीत, हाच त्याचा अर्थ. म्हणून श्रोतृवर्गाची विभागणी वयाने न करता अवस्थेने करावी, असे आम्हांस वाटते.

१) उणीव न जाणवलेले : मोतीबिंदूत समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. काचबिंदूत बाजूची दृष्टी इतकी सावकाश जाते की रुग्णास पत्ताही लागत नाही. मन्यास्तंभामुळे मान न वळणारा स्कूटरचालक मागील वाहन पाहूच शकत नाही. 'मला काय झाले आहे?' असे म्हणणारा हा वर्ग शिबिरास येत नाही. तो गुडघेदुखीसाठी आपल्याकडे येतो. त्याला तेथेच गाठावे.

२) औषधे घेणारे : इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीचे जेवण चुकल्यास रक्तशर्करा उतरून भोवळ येऊ शकते. झोपेच्या गोळ्या व सर्दीवरील काही औषधे तंद्रा आणतात. आपली सर्पगंधाही यास अपवाद नाही. तिने रक्तदाब उतरतो आणि सुस्तीही येते. येथे औषधालयाच्या मालकांचे स्थान मोठे आहे. औषध हाती देताना 'गाडी चालवता का?' एवढे विचारणे पुरे.

३) स्वतःच मर्यादा घातलेले : हे रात्री व पावसात वाहन काढत नाहीत. यांना भीती घालू नये. त्यांच्या विवेकाची प्रशंसा करून नियमित नेत्रतपासणीचा सल्ला द्यावा.

४) कुटुंबीय : मागे बसणाऱ्या पत्नीस जे दिसते ते परगावच्या मुलास दिसत नाही. गाडीवर नवे ओरखडे आले का, परिचित रस्ता चुकला का, ब्रेक उशिरा लागतो का, हे तिला विचारावे. मात्र रुग्णासमक्ष व आदराने. मंडई, बँक, देऊळ या वृद्धाच्या स्वाधीन जगण्याच्या जागा आहेत. पर्यायी सोय न करता किल्ली काढून घेतल्यास तो घरात कोंडला जातो आणि विषाद वाढतो.

परवान्याच्या वेळी तपासणी होतेच, असे काही जण म्हणतील. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार पंचावन्न वर्षांनंतर खासगी वाहनाचा परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. परंतु वार्धक्यात पाच वर्षांत दृष्टी, श्रवण आणि सांधे यांत पुष्कळ पालट होतो. त्या काळात वृद्धास वारंवार पाहणारा वैद्यच असतो.

तेव्हा साठीपुढील प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर 'वाहन चालवितात काय, कोणते व केव्हा' ही एक ओळ वाढवावी. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्नाचाच हा विस्तार होय. शंका आल्यास नेत्रतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये. रुग्णाचा आणि रस्त्यावरील इतरांचाही प्राण त्यावर अवलंबून असतो.