पाणी तेच, काम वेगळं

पोरी, रेणू दिसला की लगेच त्याला आम्ल नाहीतर न्यूक्लिओफाइल ठरवून मोकळी होऊ नकोस. अभिक्रियेच्या त्या पायरीत त्यानं केलं काय, ते आधी बघ. हायड्रॉक्साइडनं हायड्रोजन ओढून नेला तर ते आम्लारी. तेच कार्बनला जाऊन जुळलं तर न्यूक्लिओफाइल.

आपल्या पांढुर्ण्याच्या संत्र्याचंच घे. साल ज्योतीवर पिळली की ठिणग्या उडतात ना, ते सालीतलं तेल. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. त्याला पाणी मिसळलेल्या गंधकाम्लासोबत ठेवलं की अल्फा-टर्पिनिऑल मिळतं. इतरही पदार्थ निघतात, पण तू याच्याच पायऱ्या काढ. कड्याबाहेरच्या दुहेरी बंधातली इलेक्ट्रॉनांची जोडी हायड्रोनियमचा प्रोटॉन घेते. हायड्रोनियम आम्ल झालं. दुहेरी बंधाला प्रोटॉन घेतला म्हणून आम्लारी म्हण किंवा जोडी दिली म्हणून न्यूक्लिओफाइल. परीक्षक भांडणार नाही. आता उरला सहाच इलेक्ट्रॉनांचा तृतीयक कार्बोकॅटायन, तो इलेक्ट्रोफाइल. पाणी आपली जोडी देऊन त्याला जुळतं, इथं ते न्यूक्लिओफाइल. मग पाण्याचाच दुसरा रेणू जास्तीचा प्रोटॉन काढून नेतो, हा आम्लारी. हायड्रोनियम परत मिळालं, म्हणून आम्ल इथं उत्प्रेरक.

इलेक्ट्रॉनांची जोडी कुठं जाते ते दाखवणाऱ्या बाणाचं मात्र पक्कं ध्यानात ठेव. पांढुर्ण्याच्या गोटमारीत दगड मारणाऱ्याच्या हातून सुटतो, तसा बाण जोडी देणाऱ्याकडून निघतो. धन चिन्हापासून बाण काढलास की गुण गेलेच. म्हणून आधी एकाकी जोड्या आणि लपलेले हायड्रोजन कागदावर मांडायचे, मगच बाण.

धन चिन्ह फसवतंसुद्धा. अमोनियमवर धन भार आहे, पण त्याच्या नायट्रोजनचं अष्टक पूर्ण. नवी जोडी ठेवायला जागाच नाही. अमोनियम प्रोटॉन देतं, बस. उलट बोरॉन ट्रायफ्लोराइडवर भार काहीच नाही, तरी बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन, म्हणून तो पक्का इलेक्ट्रोफाइल. ॲसिटोनचा कार्बोनिल कार्बनही तसाच: पूर्ण भार नाही, पण ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो.

टर्शरी-ब्युटॉक्साइडसारखं आडमाप आम्लारी दिसलं तर ते कार्बनपर्यंत पोचेल अशी आशा नको. बहुतेकदा ते बाहेरचा हायड्रोजनच उचलतं आणि त्यातून अल्कीन बनतं.

उत्तरपत्रिका देण्याआधी दोन गोष्टी तपास. प्रत्येक पायरीत दोन्ही बाजूंचा एकूण भार जुळतो का, आणि आम्लाच्या माध्यमात कुठं हायड्रॉक्साइड तर काढलं नाहीस ना. सौंसरच्या बसमध्ये बसल्याबसल्याही हा सराव होतो.