समुद्रकिनारा नसलेला मध्य आशिया : परिचय व वारसा

आपल्या धुळे, जळगाव जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. तरी आपली तापी सुरतेपुढे समुद्राला मिळते आणि नरडाण्याहून रेल्वेही सुरतेकडे जाते. जगात मात्र असा एक विस्तीर्ण प्रदेश आहे की, जिथल्या दोन मुख्य नद्याही खुल्या समुद्राला मिळत नाहीत. तो म्हणजे मध्य आशिया.

कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, किरगिझस्तान व ताजिकिस्तान हे ते पाच देश. १९९१ साली सोव्हिएत संघ फुटला व ते स्वतंत्र झाले. समुद्रकिनारा नसलेल्या देशांत कझाकस्तान जगात सर्वांत मोठा. क्षेत्रफळ सुमारे २७ लाख चौ. कि. मी. उझबेकिस्तानचे तर सर्व शेजारी देशही भूवेष्टितच आहेत.

परंतु समुद्र नाही म्हणून जगाशी संबंध नाही, असे समजू नये. येथूनच रेशीम मार्ग जात असे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर भिक्खूही गेले. अमू दर्याकाठच्या तिरमिझ येथे कुषाणकालीन विहार उत्खननात सापडले आहेत. ताजिकिस्तानात अजिना टेपे येथे १९६६ साली सुमारे १३ मीटर लांबीची, पहुडलेल्या बुद्धांची मातीची मूर्ती मिळाली. ती आज दुशान्बेच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे चाळीसगावजवळच्या पितळखोरा लेण्यांतही पैठणच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान कोरलेले आहे. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएनत्संग समरकंद, तिरमिझमार्गे भारतात आला व पुढे महाराष्ट्रातही आला. त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार म्हणजे अजिंठाच, असे अभ्यासक मानतात.

कापूस पिकविणाऱ्या खानदेशाने या प्रदेशाकडून एक धडाही घ्यावा. सोव्हिएत काळात कापसासाठी अमू दर्या व सिर दर्या यांचे पाणी कालव्यांनी वळविले गेले. १९६० साली सुमारे ६८,००० चौ. कि. मी. पसरलेला अरल समुद्र (खरे तर खारे सरोवर) आज जेमतेम दशांश उरला आहे. मुयनाक बंदरातील बोटी वाळूत उभ्या आहेत. २००५ साली कझाकस्तानने बांध पुरा केला, तेव्हा उत्तरेकडचा भाग सावरला व मासे परतले. म्हणजे बिघडविणारा माणूसच, सावरणाराही माणूसच.

विद्यार्थी मित्रांनो, हे पाच देश नकाशात शोधा. सुट्टीत पितळखोरा, अजिंठा पाहा. मात्र भिंतीवर आपले नाव कोरू नका. ज्यांनी दान दिले, त्यांची नावे तेथे आधीच आहेत. पाणी असो वा लेणी, पुढच्या पिढीच्या हाती ती शाबूत देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.