अंधार: चित्रातला आणि नजरेतला

निबंधात ‘अंधार’ आला की त्याच्या मागोमाग अज्ञान, भीती किंवा संकट येणारच, हा माझा वर्गातला नेहमीचा अनुभव. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो तपासण्यासाठी सैनिकी विद्यार्थ्यांना जवळचे वाटेल असे एक चित्र घेतो.

डच चित्रकार रेम्ब्रांटने १६४२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या नागरी रक्षकदलातील एका तुकडीचे भव्य चित्र पूर्ण केले. तुकडीचा कॅप्टन हात पुढे करून लेफ्टनंटला कूच करण्याचा हुकूम देत आहे. पुढे वार्निश काळवंडले आणि लोक या चित्राला ‘नाईट वॉच’, म्हणजे रात्रीचा पहारा, म्हणू लागले. प्रसंग मात्र दिवसाचा आहे. कॅप्टनच्या हाताची सावली लेफ्टनंटच्या पिवळ्या पोशाखावर स्पष्ट पडलेली दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र साफ केले, तेव्हा ते उजळले.

तरीही बराच अंधार उरला. तो रेम्ब्रांटने मुद्दाम ठेवलेला होता. मागची कमान आणि गर्दी सावलीत आहे, म्हणूनच दोघे अधिकारी आणि गर्दीतली उजळ पोशाखाची मुलगी नजरेत भरतात. म्हणजे एक अंधार नजरेआड साचलेल्या काजळीचा, तर दुसरा महत्त्वाचे काय ते दाखवणारा.

आपल्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२७ वे सूक्त रात्रीला उद्देशून आहे. तिथे रात्र ही उषेची बहीण, ताऱ्यांच्या डोळ्यांनी पाहणारी देवी आहे. ती आपल्या तेजाने अंधार हटवते. लांडगा आणि चोर यांना दूर ठेवण्याची प्रार्थनाही तिलाच केली आहे. रात्र आणि अंधार एकच, असे त्या कवीने मानले नाही.

पहाऱ्यावर उभ्या राहणाऱ्याला हा फरक कळायला हवा. उजेडातून बाहेर आल्यावर डोळे अंधाराला पुरते सरावायला साधारण अर्धा तास लागतो. तोवर झुडूपही माणूस वाटते. अशा वेळी घाईने काढलेला निष्कर्ष कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी स्वतःला विचारावे: हा अंधार समोर आहे, की माझ्या नजरेत?

स्वाध्याय: ‘रात्र’ या विषयावर दहा ओळी लिहा, भीती, अज्ञान आणि संकट हे तीन शब्द वापरू नका.